पाठीवरचं बिऱ्हाड

(वाघोली येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



पत्रिकेत माझ्या नावापुढे 'पेन ड्राइव्ह' एवढाच विषय छापून आला आहे. काल संध्याकाळी केसनंद फाट्यावर एका आजोबांनी मला अडवलं आणि विचारलं, "तासभर पेन ड्राइव्हवर काय बोलणार हो? खुपसायचा आणि काढायचा, झालं!" मी म्हटलं, "आजोबा, तेवढ्यावरच बोलणार आहे. खुपसल्यावर काय होतं आणि काढल्यावर मागे काय उरतं." ते आज पहिल्या रांगेत येऊन बसलेत. आता मला पळवाट नाही. (हशा)

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याख्यान ऐकायला जायची आपल्याकडे रीत पडली. त्या व्यासपीठावर विद्वान बोलत आले. मी विद्वान नाही. नगर रोडवर पंचवीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस आहे. त्यामुळे जे हातानं केलं तेच सांगेन.

सुरुवातीला एक विचारतो. तुमच्यातले मूळ वाघोलीचे किती? हात वर करा. बघा, मोजता येतील एवढेच. बाकीचे आपण सगळे कुठून ना कुठून आलेले. दगडखाणींवर काम करायला माणसं आली. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेनं तिकडची सुमारे बाराशे मुलं इथे आणून शिकवली. मग इंजिनिअरिंग कॉलेजं आली, खराडीच्या आयटी कंपन्या आल्या आणि त्यांच्यामागून कॉट बेसिसवर राहणारी हजारो पोरं. ३० जून २०२१ ला गाव महानगरपालिकेत गेलं, पण गावाचा स्वभाव तोच राहिला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. वाघोली हे अशा विंचवांचं गाव आहे. मीही त्यातलाच एक.

तर माझा प्रश्न असा. आपलं कपड्यांचं, भांड्यांचं बिऱ्हाड आपण पाठीवर घेऊन हिंडतो. मग कॉम्प्युटरमधलं बिऱ्हाड कुठे असतं? ते उचलता येतं का?

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. इथल्या एका क्रशरचे मालक भर पावसात कॉम्प्युटरचा डबा पोत्यात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. आदल्या रात्री लाइट चार वेळा आली-गेली आणि सकाळी मशीन सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, की बूट करायला काही सापडत नाही. दुसऱ्या एका दुकानात त्यांना सांगितलं होतं, फॉरमॅट मारावा लागेल. मालकांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. सहा वर्षांचा हिशोब त्यात होता. कोणाला किती ब्रास खडी गेली, किती डबर, कोणाची किती उधारी, सगळं एक्सेलच्या पानांवर. फॉरमॅट मारायचं म्हणजे घर सारवण्यासाठी आतलं सामान जाळून टाकण्यासारखं.

मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला, मागच्या खाचेत लावला, मशीन चालू करताना एफ-१२ दाबलं. दोन-तीन मिनिटांत पडद्यावर वेगळाच डेस्कटॉप आला. त्यात एका कोपऱ्यात त्यांची हार्ड डिस्क दिसत होती. उघडली. सहा वर्षांची खडी जागच्या जागी. वीस मिनिटांत सगळ्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या. मालक म्हणाले, "म्हणजे कॉम्प्युटर मेला नव्हताच?" मी म्हटलं, "उंबरा मोडला होता मालक, घर शाबूत होतं. मी खिडकीतून आत गेलो."

ती खिडकी कशी उघडते, ते आता बघू.

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की सगळ्यात आधी मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. जुन्या मशीनमध्ये त्याला बायोस म्हणायचे, नव्यात यूईएफआय म्हणतात. हा सोसायटीच्या वॉचमनसारखा आहे. मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, पडदा आहे का, एवढं तो बघतो. पण घर चालवणं त्याचं काम नव्हे. त्याच्याकडे फक्त एक यादी असते, की आधी कोणतं दार वाजवायचं, तिथून उत्तर नाही आलं तर पुढचं कोणतं. ज्या दारातून उत्तर येतं त्याच्या हाती तो मशीन सोपवतो आणि बाजूला होतो. याला बूट होणं म्हणतात. जुन्या पद्धतीत हे उत्तर डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये मावावं लागे. युनिकोड देवनागरीत लिहायचं तर तेवढ्यात जेमतेम १७० अक्षरं बसतील. एका पोस्टकार्डावरून अख्खा संसार सुरू व्हायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. दार हार्ड डिस्कचंच असलं पाहिजे असा त्या वॉचमनचा हट्ट नसतो. सीडीचं चालतं, पेन ड्राइव्हचं चालतं. यादीत आपलं दार वर आणलं, की विंडोज झोपलेलीच राहते आणि मशीन आपल्या हाती येतं.

यात नवीन काही नाही, हे इथले पांढऱ्या केसांचे लोक सांगतील. १९८० च्या दशकातल्या कित्येक पीसींना हार्ड डिस्कच नसायची. ए ड्राइव्हमध्ये डॉसची फ्लॉपी घालून मशीन उठवायचं, मग दुसरी फ्लॉपी घालून वर्डस्टार उघडायचं आणि पत्र टाइप करायचं. संध्याकाळी फ्लॉप्या पाकिटात घालून घरी. मशीन ऑफिसचं, पण त्यातलं सगळं तुमच्या पिशवीत. म्हणजे आपण आधी बिऱ्हाडकरूच होतो. पुढे हार्ड डिस्क आली आणि आपण तिच्यात कायमचे राहायला गेलो.

पुन्हा बाहेर पडायची सोय झाली ती दोन शोधांमुळे. एक, फ्लॅश मेमरी. जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली. वीज गेली तरी तिच्यातलं पुसलं जात नाही आणि आत फिरणारं काही नाही. दुसरा शोध यूएसबीचा. १९९६ साली यूएसबीचं पहिलं मानक प्रसिद्ध झालं. ते घडवणाऱ्या इंटेलच्या चमूत पुढे होते अजय भट्ट. हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. गायकवाडांच्या बडोद्याशी आपलं नातं जुनं, म्हणून मुद्दाम सांगितलं. आपण पेन ड्राइव्ह लावताना एकदा उलटा लावतो, मग सुलटा, मग पुन्हा उलटा. (हशा) भट्टांना हे विचारलं गेलं आहे. दोन्ही बाजूंनी लागेल असा करायचा तर तारा दुप्पट लागल्या असत्या आणि खर्चही, असं त्यांचं उत्तर. स्वस्त राहिला म्हणून तो गल्लोगल्ली पोचला. २००० साली पहिले पेन ड्राइव्ह बाजारात आले. आयबीएमनं विकलेल्या ड्राइव्हमध्ये ८ एमबी मावत होते. आज तेवढ्यात मोबाइलचे दोन-तीन फोटो बसतात.

आता नीट लक्ष द्या, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. पेन ड्राइव्हवरून बिऱ्हाड चालवायच्या दोन तऱ्हा आहेत. त्या समजावायला मी आपल्याच गावचा दाखला देतो.

इथे वाघेश्वराच्या देवळाजवळ पिलाजीराव जाधवरावांची समाधी आहे. शाहू महाराजांच्या काळातले हे मोठे सरदार. असा सरदार मोहिमेवर निघाला की मुक्काम दोन प्रकारे व्हायचा. एखाद्या गावात कोणाच्या वाड्यात उतरायचं, तिथलीच चूल वापरायची, पण भांडी आपली, पाणी आपलं, आचारी आपला. नाहीतर माळावर स्वतःची राहुटी ठोकायची. जमीन तेवढी परक्याची, बाकी कनातीपासून दप्तरापर्यंत सगळं आपलं.

यातली पहिली तऱ्हा म्हणजे पोर्टेबल ॲप. एरवी एखादं सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं की ते घरभर पसरतं. काही फाइली एका फोल्डरात, काही दुसऱ्या, सेटिंग विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत. पोर्टेबल ॲप आपलं सगळं एकाच फोल्डरात ठेवतं. पेन ड्राइव्ह लावायचा, तिथूनच चालवायचं, बंद करून काढून न्यायचं. २००४ साली जॉन हॅलर या अमेरिकन माणसानं फायरफॉक्स ब्राउझर असा पेन ड्राइव्हवर बसवला आणि त्यातून पोर्टेबल ॲप्सचं मोठं भांडार उभं राहिलं. लिबरऑफिस, व्हीएलसी, फोटो सुधारायचं गिम्प, सगळं असं मिळतं, तेही फुकट. कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराला मित्राच्या लॅपटॉपवर काम करायचं असेल तर ही सोय उत्तम.

पण वाडा परक्याचा आहे, हे विसरायचं नाही. त्या विंडोजमध्ये कोणी कळांचे ठोके टिपणारा चोर बसवला असेल, तर तुमच्या पोर्टेबल ब्राउझरमध्ये टाइप केलेला पासवर्डही तो टिपणार. कोणता पेन ड्राइव्ह कधी लागला याची नोंद विंडोज ठेवते. अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी ठेवते. भांडी आपली असली तरी चुलीत राख उरते.

दुसरी तऱ्हा राहुटीची, म्हणजे बूटेबल पेन ड्राइव्ह. इथे यजमानाची विंडोज उठतच नाही. प्रोसेसर, मेमरी, पडदा, कीबोर्ड, एवढी जमीन त्याची. क्लाउस क्नॉपर या जर्मन अभियंत्यानं २००० साली क्नॉपिक्स नावाची सीडी काढली. तिच्यावरून अख्खं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी व्यवस्था, चालायचं, हार्ड डिस्कला हातही न लावता. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलरनं २००३ साली पपी लिनक्स आणलं, ते तर इतकं लहान की जुन्या मशीनच्या मेमरीतच मावायचं. याची युक्ती आपल्या वाळवणासारखी आहे. सगळी व्यवस्था सुकवून, दाबून एका फाइलीत भरलेली असते. लागेल तेवढी काढायची, फुलवायची, वापरायची. मूळ डबा तसाच. तुम्ही जे नवीन लिहाल ते मेमरीत, म्हणजे पाटीवर. मशीन बंद केलं की पाटी पुसली. काम टिकवायचं असेल तर पेन ड्राइव्हवर एक वेगळा कप्पा ठेवावा लागतो. ती तुमची वही. वही ठेवायची की पाटीवर भागवायचं, हे तुम्ही ठरवायचं. २००९ पासून टेल्स नावाचं असं एक लिनक्स आहे, ते आपण वेगळं सांगितलं नाही तर मुद्दाम पाटीच वापरतं. ज्यांना माग राहू द्यायचा नाही असे पत्रकार ते वापरतात. अमेरिकी सरकारची गुपितं उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेननंही वापरलं.

आणि विंडोजची पोर्टेबल ॲप्स या लिनक्सच्या राहुटीत सरळ चालत नाहीत, हेही सांगून ठेवतो. तिथे ॲपइमेज नावाचा वेगळा प्रकार आहे, एका ॲपची एकच फाइल. पण एकाच पेन ड्राइव्हवर दोन्ही ठेवता येतात. वाड्यात उतरलो तर भांडी काढायची, माळावर उतरलो तर राहुटी.

तुम्ही म्हणाल, हे परदेशी लोकांचे उद्योग झाले. आपल्याकडे याचं काय? तर रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात खैराट धनगरवाडा आहे. तिथल्या लहानशा शाळेत २००७ साली 'एका मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक योजनेतले हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. भारतातला तो पहिला प्रयोग. त्या लॅपटॉपला हार्ड डिस्क नव्हती, १ जीबीची फ्लॅश मेमरी होती, आणि त्यात 'शुगर' नावाची मुलांसाठी केलेली व्यवस्था चालायची. ती रोज काय केलं याची रोजनिशी आपोआप ठेवायची. १०० डॉलरला देऊ म्हणून घोषणा झालेला तो लॅपटॉप प्रत्यक्षात २०० डॉलरच्या घरात गेला. एवढे पैसे किती शाळांकडे असणार?

मग ज्यांनी शुगर घडवलं त्यांनी एक निराळा विचार केला. लॅपटॉप प्रत्येकाला देता येत नसेल, तर लॅपटॉपमधलं घर प्रत्येकाला देऊ. जून २००९ मध्ये 'शुगर ऑन अ स्टिक' निघालं. एक जीबीच्या पेन ड्राइव्हवर अख्खं शुगर. शाळेत जे काही जुनं-पानं मशीन असेल त्याला लावायचं. सकाळच्या पाळीतल्या मुलीनं काढलेलं चित्र तिच्या पेन ड्राइव्हवर, दुपारच्या मुलाचं त्याच्याकडे. मशीन एक, पण कोणाचं घर कोणाच्या घरात नाही. मला या सगळ्या विषयात ही कल्पना सर्वांत मोलाची वाटते. यंत्र वाटून घ्यावं लागतं, ती गरिबी. पण आपलं काम आपल्या खिशात राहणं, हा मान आहे.

हा मान नसल्याचा त्रास मराठी लिहिणाऱ्यांनीही सोसला आहे. इथे कोणी डीटीपीवाले असतील. त्यांना श्रीलिपी या फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल आठवत असेल. मशीनच्या पाठीमागे ते कुलूप लावलं तरच फॉन्ट उघडायचा. आपण फ्लॉपीत लेख घालून दुसऱ्या प्रेसमध्ये नेला, तिथे तो फॉन्ट नसला, की पडद्यावर नुसता चिन्हांचा कालवा. लेख पोचायचा, अक्षरं मागे राहायची. युनिकोड रुळल्यावर हे दुखणं गेलं. आज बहुतेक मोठ्या लिनक्समध्ये देवनागरी फॉन्ट आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो. पेन ड्राइव्हवरून उठलेल्या परक्या मशीनवर मी पहिल्या मिनिटाला मराठी टाइप करू शकतो, कोणाकडे काही न मागता.

आता चोरांकडे वळू. पेन ड्राइव्ह नेणारा माणूस जसा बिऱ्हाड नेतो तसा ढेकूणही नेतो. (हशा) झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टची प्रिंट काढायला गेलेली पोरं रडत यायची. घरी येऊन उघडावं तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, आतलं सगळं गायब. तो शॉर्टकट व्हायरस. खरं तर तो काही पुसत नाही. फाइली लपवतो आणि त्यांच्या जागी खोटी दारं उभी करतो. त्यावर क्लिक केलं की व्हायरस तुमच्या मशीनमध्ये. असा ड्राइव्ह लिनक्समध्ये उघडला तर लपवलेलं सगळं उघड दिसतं आणि विंडोजसाठी लिहिलेला तो व्हायरस तिथे निपचित पडून राहतो. फाइली काढून घ्यायच्या, ड्राइव्ह धुऊन टाकायचा. पेन ड्राइव्ह लावताक्षणी त्यातलं काहीतरी आपोआप चालू करायची खोड विंडोजला होती. कॉनफिकरसारखे व्हायरस २००८ नंतर त्याही वाटेनं पसरले. २०११ साली मायक्रोसॉफ्टनं जुन्या विंडोजमधलीही ती खोड मोडली.

आणि बूट होण्याच्या वाटेवरच बसणारे चोर त्याहून जुने. मायकेलअँजेलो नावाच्या व्हायरसनं १९९२ साली जगभर धसका दिला होता. विसरून ड्राइव्हमध्ये राहिलेल्या फ्लॉपीवरून मशीन उठलं की तो आत शिरायचा आणि ६ मार्चला, त्या चित्रकाराच्या वाढदिवशी, डिस्कवरचा मजकूर उडवायचा. त्याच सुमाराला पुण्यात मंगळवार पेठेत रहिमतपूरच्या कैलास काटकरांचं दुरुस्तीचं दुकान होतं. दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता ते कॉम्प्युटरपर्यंत आले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते, त्यांनी त्यावर उतारे लिहायला घेतले. त्यातून १९९५ साली 'क्विक हील' निघालं. आज त्या कंपनीचं मुख्यालय आपल्याच रस्त्यावर, विमाननगरला आहे. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इमर्जन्सी डिस्क' बनवायची सोय असते. ती म्हणजे बूटेबल पेन ड्राइव्हच. कारण साधं आहे. घरात चोर जागा असताना त्याला शोधण्यापेक्षा तो झोपलेला असताना बाहेरून येऊन धरणं सोपं.

आता करायचं कसं ते सांगतो. पेन ड्राइव्ह ओळखीच्या दुकानातून घ्या, १६ किंवा ३२ जीबीचा. रस्त्यावर स्वस्तात मिळणाऱ्या ड्राइव्हवर ६४ जीबी छापलेलं असतं आणि आत चारच निघतात, वरचं सगळं हवेत लिहिल्यासारखं नाहीसं होतं. तोंडात निळी पट्टी असलेला यूएसबी ३ चा घ्या, नाहीतर राहुटी उभी व्हायलाच चहा होऊन जाईल. लिनक्सची आयएसओ फाइल, म्हणजे सगळी व्यवस्था जिच्यात भरलेली असते ती, त्यांच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. रूफस नावाचं छोटं ॲप ती पेन ड्राइव्हवर नीट बसवतं. २०२० साली आलेलं व्हेंटॉय त्याहून सोयीचं. ते एकदा बसवलं की आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करायच्या, आणि उरलेल्या जागेत तुमचे कागद आणि पोर्टेबल ॲप्सही राहतात. हे करताना पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा लग्नाचे फोटो आधी काढून ठेवा. मशीन उठताना दाबायची कळ कंपनीगणिक वेगळी. कुठे एफ-१२, कुठे एफ-९, कुठे एस्केप.

दोन ठिकाणी अडाल, तेही आत्ताच सांगतो. नव्या मशीनमध्ये सिक्युअर बूट असतं. ओळखीचा शिक्का असल्याशिवाय वॉचमन आत घेत नाही. उबंटू, फेडोरासारख्या मोठ्या लिनक्सकडे तो शिक्का असतो, अनेक लहानांकडे नसतो. दुसरं, नव्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असते. क्रशरवाल्या मालकांच्या मशीनमध्ये केली तशी खिडकीतून आत जायची युक्ती तिथे चालत नाही. ४८ आकड्यांची किल्ली लागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते का, हे आज घरी जाऊन बघा. बूटची सेटिंग बदलली तरी मशीन ती किल्ली मागू शकतं, म्हणून किल्ली आधी, खटपट नंतर.

हे आज का सांगतोय? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची देखभाल संपली. विंडोज ११ ला जे हवं ते लाखो चांगल्या मशीनमध्ये नाही. ती भंगारात निघाली आहेत. तुमचं असं मशीन विकण्याआधी त्याला एकदा पेन ड्राइव्ह लावून बघा. दहा वर्षांचं मशीन दुसऱ्या राहुटीत छान चालतं. आवडलं नाही तर काढून घ्या, त्याच्या डिस्कवर ओरखडाही उठलेला नसेल.

शेवटची गोष्ट रीतीची. दुसऱ्याच्या माळावर राहुटी ठोकायची तर पाटलाला विचारावं लागतं. ऑफिसच्या, कॉलेजच्या मशीनवर मालकाच्या परवानगीशिवाय असं शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. बेइमानीनं केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मी आज सांगितलेल्या खिडकीतून चोरही आत येऊ शकतो. खिडकी कोणाची, हे विचारून मगच चढा.



(व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरं)

एक विद्यार्थी : सर, आता सगळं क्लाउडवर असतं. पेन ड्राइव्ह कशाला?

क्लाउड म्हणजे बँकेतलं लॉकर. चांगलंच आहे, मीही वापरतो. पण काल तुमच्या भागात सहा तास लाइट आणि नेट नव्हतं, तेव्हा तुमचं लॉकर कुठे होतं? आणि लॉकरमध्ये दागिने राहतात, संसार करता येत नाही.

एक गृहिणी : मोबाइललाही असं बूट करता येतं का?

बहुतेक फोनमध्ये नाही. फोन आपण पूर्ण पैसे मोजून घेतो, पण त्याचा वॉचमन आपलं ऐकत नाही. तो कंपनीचा असतो. यादीत कोणतं दार वर ठेवायचं हे आपल्या हातात असणं, हीच मला मालकी वाटते. कॉम्प्युटरमध्ये ती अजून शिल्लक आहे. म्हणून म्हणतो, असेपर्यंत वापरून घ्या.

पहिल्या रांगेतले आजोबा : काढल्यावर मागे काय उरतं ते सांगितलंत. पण काढायचाच राहिला तर?

आजोबा, त्याच प्रश्नाची मला भीती होती. त्या क्रशरवाल्या मालकांना मी असा पेन ड्राइव्ह करून दिला. वर्षानं ते पुन्हा आले, याही वेळी पावसात. पेन ड्राइव्ह कुठल्याशा मशीनला राहिला होता आणि सगळा हिशोब फक्त त्यातच होता. मीच त्यांना पाठीवर बिऱ्हाड घ्यायला शिकवलं आणि घरी एक प्रत ठेवा हे सांगायला विसरलो. तो दोष माझा. तेव्हापासून माझ्या पेन ड्राइव्हवर आत कुलूप आहे आणि बाहेर चिकटपट्टीवर माझा फोन नंबर. सापडलेल्या माणसाला घर उघडत नाही, पण पत्ता कळतो.

आजोबा : आणि दुसरी प्रत?

ती घरी, फडताळात, लोणच्याच्या बरणीमागे. तिथे बायकोशिवाय कोणाचा हात जात नाही. (हशा)